संगणक कक्षातील नवे सोवळे

वर्धा शहराच्या कडेला, नगरपरिषदेची हद्द संपते न संपते तोच बोरगाव मेघे सुरू होते. २०११ च्या जनगणनेने या गावाची नोंद ‘जनगणना शहर’ म्हणून केली. म्हणजे लोकवस्तीची दाटी शहराची, उपजीविकेची साधने बहुतांशी शेतीबाहेरची; परंतु कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे या आसपासच्या वस्त्यांची कथाही फारशी वेगळी नाही. अशा वस्तीत राहणारा कष्टकरी खोलीचे भाडे, भाजी आणि औषध शहराच्या भावाने घेतो, आणि सरकारी अनुदानाच्या तक्त्यात मात्र ‘ग्रामीण’ या रकान्यात बसतो. या विसंगतीची चर्चा रस्ते, गटारे आणि नळ यांच्या संदर्भात पुष्कळ होते. शाळेच्या संगणक कक्षात खुंटीला टांगलेल्या हेडफोनच्या संदर्भात ती कोणी करीत नाही. विषय इतका क्षुल्लक वाटतो की, तो काढणाऱ्याचेच हसे व्हावे. पण सार्वजनिक शिक्षणाची आजची अवस्था ज्याला समजून घ्यावयाची असेल, त्याने त्या हेडफोनची मळकी गादी एकदा हातात घेऊन पाहावी. शासनाचे आर्थिक धोरण, मध्यमवर्गाची मनोवृत्ती आणि समाजवादी कार्यकर्त्यांची उदासीनता ही तिन्ही तिथे एकत्र साचलेली आढळतील.

प्रथम वस्तुस्थिती. एखाद्या संगणक कक्षात दहा संच आहेत आणि चाळीस-चाळीस मुलांचे चार वर्ग दिवसभरात तेथे येऊन जातात असे धरले, तर एकेक हेडफोन दिवसातून सोळा डोक्यांवर चढतो. विदर्भातील शाळा उन्हाच्या कहरामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; त्यानंतरचे तीन महिने दमट हवेचे असतात. कक्षाच्या खिडक्या धुळीच्या भयाने बंद, पंखा विजेच्या मर्जीवर. हेडफोनच्या स्पंजी गाद्या घाम आणि तेल शोषून घेतात, त्यांवरचे कातडीसारखे आवरण वर्षभरात सोलवटते, आणि तोंडापुढे येणाऱ्या माइकवर थुंकीचे कण साठत राहतात. हे सारे धुऊन-पुसून ठेवावयाचे कोणी, कशाने आणि कोणत्या वेळात, या तीन प्रश्नांची उत्तरे शाळेच्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत.

यातून होणारा अपाय किती खरा आणि किती कल्पित, हेही नीट पाहिले पाहिजे. कारण भयाचा व्यापार करणाऱ्यांना ही सीमारेषा पुसट राहिलेलीच हवी असते. कानातील मळ ही मुळात घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी धरून ठेवत नाही, आणि कानाच्या नळीतील नाजूक त्वचेचे रक्षण करतो. अपाय सुरू होतो तो ओलावा आणि खाजवणे यांतून. घामेजलेल्या, खाजवून सोललेल्या कानाला जंतूंची किंवा बुरशीची बाधा सहज होते, आणि पावसाळ्यात कानाच्या बुरशीचे रोगी वाढतात हे कोणताही कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगेल. डोक्यावरचा नायटा आणि पू भरणारे त्वचेचे फोड सामायिक वस्तूंमधून पसरू शकतात. उवांविषयीची भीती मात्र फुगविलेली आहे. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. ती मुख्यत्वे डोक्याला डोके लागून पसरते आणि डोक्याबाहेर दिवस-दोन दिवसांपलीकडे जगत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब कान वाहण्याची. पडद्याला भोक पडून कानातून पू येणे हा आपल्याकडील गरिबांच्या मुलांचा जुना आजार आहे. तो हेडफोनने होत नाही. वारंवारची सर्दी, कोंदट घर, कुपोषण आणि वेळेवर न झालेला उपचार यांतून मध्यकर्णात पू साठतो आणि पडदा फुटतो. पण असा कान असलेले मूल शाळेचा हेडफोन लावते तेव्हा त्या गादीवरचा पू पुढच्या मुलाच्या त्वचेपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याच्या स्वत:च्या आधीच पीडित असलेल्या कानाला दुसऱ्याची घाण लागू शकते. म्हणजे ज्या मुलाला सर्वांआधी दवाखान्यात न्यावयास हवे, तेच सर्वांआधी कक्षाबाहेर काढले जाण्याची शक्यता अधिक. खऱ्या अन्यायाची सुरुवात येथे होते.

या प्रश्नावर सुचविला जाणारा सर्वांत सोपा उपाय एका वाक्याचा आहे : प्रत्येक विद्यार्थ्याने आपापला हेडफोन घरून आणावा. वरवर पाहता याच्याइतके निरुपद्रवी दुसरे काही दिसत नाही. २०२० ते २०२२ या महामारीच्या वर्षांत वस्तूंची देवाणघेवाण टाळा असे मुलांना बजावण्यात आले. ते त्या वेळी योग्यही होते. परंतु आपत्काळातील सवय ही आपत्काळ ओसरल्यावर धोरण होऊन बसली, की ती कोणाच्या सोयीची ठरते हे तपासावे लागते. बऱ्यापैकी टिकणारा हेडफोन तीन-चारशे रुपयांच्या आत मिळत नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोन मुले शाळेत असलेल्या मजूर बाईला ‘आपापला आणा’ या चार अक्षरांच्या नि दोन अक्षरांच्या दोन शब्दांची किंमत दोन-अडीच दिवसांच्या मजुरीइतकी पडते, आणि वायर तुटली की ती पुन्हा द्यावी लागते. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेच्या एकविसाव्या ‘अ’ अनुच्छेदाने दिला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. त्या हक्काला असे लहानलहान खिशांतले प्रवेशशुल्क लावीत जाणे ही हक्क काढून घेण्याची सभ्य रीत आहे.

पण किंमत हा या उपायाचा सर्वांत मोठा दोष नव्हे. ज्यांना परवडते त्या दहा-बारा मुलांनी आपापले हेडफोन आणले की, शाळेचे हेडफोन हे उरलेल्यांचे होतात. आजवर जी वस्तू ‘सर्वांची’ होती ती ‘त्यांची’ बनते. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, एखाद्या सार्वजनिक सेवेचा दर्जा घसरू लागला आणि तक्रार करण्याची ऐपत असलेले लोक तिच्यातून बाहेर पडू शकले, तर ती सेवा सुधारण्याऐवजी आणखी खालावते. कारण आवाज उठविणारेच निघून गेलेले असतात. आपल्या सरकारी दवाखान्यांचे, एसटीचे आणि नगरपालिकांच्या शाळांचे काय झाले, हे या सूत्राने पुरते उलगडते. संगणक कक्षातही तेच होईल. शिक्षकाशी, मुख्याध्यापकाशी, सरपंचाशी बोलू शकणाऱ्या पालकांच्या मुलांचे कान सुरक्षित झाले की, शाळेच्या गाद्या कोणी बदलणार नाही. मग त्या सोलवटतील, मोडतील, आणि वर्षभराने कोणी तरी म्हणेल की, या मुलांना वस्तू सांभाळता येत नाहीत.

आणि येथे एक जुनी व्याधी नव्या वेषात शिरते. दुसऱ्याच्या कानाला लागलेली वस्तू आपल्या कानाला नको, ही भावना आरोग्याची म्हणून सांगितली जाते. पण आपल्या समाजात ‘उष्टे’ आणि ‘विटाळ’ हे शब्द जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोणाचा हेडफोन नको आणि कोणाचा चालतो, हे मुले केवळ मळ पाहून ठरवितात असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती आडनाव, वस्ती, अंगावरचे कपडे आणि केसांचे तेलही पाहतात, कारण मोठ्यांनी त्यांना तेच पाहावयास शिकविलेले असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, आणि त्यानंतर सवर्णांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती. त्याने ते बाटले नव्हते. स्वच्छता आणि शुद्धी या दोन गोष्टी किती परस्परविरोधी असू शकतात, याचे याहून लखलखीत उदाहरण नाही. घाण साबणाने जाते. विटाळ साबणाने जात नाही, कारण तो वस्तूवर नसून पाहणाऱ्याच्या मनात असतो. म्हणूनच धुता येण्याजोगी वस्तू न धुता ‘वेगळी’ करा असे जो कोणी म्हणतो, तो आरोग्याची भाषा वापरून सोवळ्याचा कारभार चालवीत असतो. मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. १९७२ साली डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा पाणी शुद्ध राहील काय असा प्रश्न विचारणारे होतेच. त्यांना उत्तर एकच होते : पाणवठा एक ठेवा आणि तो स्वच्छ ठेवा. विहिरी वेगळ्या काढून पाणी निर्मळ झाल्याचे उदाहरण इतिहासात नाही.

सामायिक भांड्याचा प्रश्न जगात अन्यत्रही उद्भवला होता. अमेरिकेत रेल्वेच्या डब्यांत आणि शाळांत पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला एकच पेला असे. १९०९ साली कॅन्झस राज्यात डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांच्या पुढाकाराने त्यावर बंदी आली. क्षयासारखे रोग त्यातून पसरतात हे त्यांचे कारण रास्तच होते. त्यानंतर दोन वाटा फुटल्या. एक होती सार्वजनिक कारंज्याची : ओठ न लावता पाणी पिण्याची सोय, सर्वांना फुकट, देखभाल सार्वजनिक खर्चाने. दुसरी होती कागदी पेल्याची : प्रत्येकाने विकत घ्यावा आणि फेकून द्यावा. पहिल्या वाटेने नागरिक घडतो, दुसरीने गिऱ्हाईक. शाळेच्या हेडफोनपाशी आज आपण याच फाट्यावर उभे आहोत. बाजारात एकदाच वापरून टाकण्याची कागदी आवरणे मिळतात, जंबुपार किरणांच्या पेट्या मिळतात. जंबुपार प्रकाश जेथे प्रत्यक्ष पडतो तेथेच काम करतो. गादीच्या घडीत, स्पंजाच्या छिद्रांत आणि मळाच्या थराखाली तो पोचत नाही. आधी मळ पुसावा लागतोच. म्हणजे पेटी विकत घेऊनही फडके हाती धरणारा माणूस लागतोच, आणि नेमका तो माणूस विकत घेण्याच्या यादीत नसतो.

वस्तुत: या कामाला लागणारे साहित्य हास्यास्पद वाटावे इतके साधे आहे. कानाच्या नळीत खुपसावयाची बोंडे शाळेने कधीही सामायिक वापरू नयेत. कानावर बसणारे, पुसता येणाऱ्या गुळगुळीत गाद्यांचे हेडफोन घ्यावेत. त्यांवर चढविण्यासाठी सुती कापडाच्या नाडी किंवा रबर असलेल्या खोळी शिवून घ्याव्यात; प्रत्येक वर्गाला नवी धुतलेली खोळ, आणि वापरलेल्या खोळी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. वर्ध्याला उन्हाची टंचाई नाही. पावसाळ्यात वाळण्यास वेळ लागतो, म्हणून दुप्पट खोळी असाव्यात. दिवसाच्या शेवटी वायर काढून, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने गादी आणि पट्टी पुसावी; कठीण भाग आणि माइक सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून आपोआप सुकू द्यावेत. अल्कोहोल नकली कातड्यावर रोज चोळले तर ते तडकते, म्हणून तेथे साबणच बरा. भेगा पडलेली गादी टाकून द्यावी. ती कितीही पुसली तरी स्वच्छ होत नाही. मुलांनी कक्षात येताना आणि जाताना हात धुवावेत. आणि जो पाठ सर्वांनी एकत्र ऐकण्याजोगा आहे, तो एका चांगल्या ध्वनिवर्धकावर ऐकवावा. कवितेचे वाचन, इंग्रजी संभाषणाचा सराव, गोष्ट या गोष्टी चाळीस मुलांनी मिळून ऐकण्यातच गोडी आहे. हेडफोन राखून ठेवावा तो ज्याची खरी गरज आहे त्याच्यासाठी : एकेकट्याने गती ठरवून शिकणाऱ्यासाठी, आणि पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी. त्याच्यासाठी हेडफोन म्हणजेच पुस्तक आहे.

मग एवढे सोपे काम होत का नाही? येथे अर्थकारण सुरू होते. आपल्या राज्यव्यवस्थेला वस्तू देणे आवडते; वस्तू सांभाळणे आवडत नाही. वस्तू देताना फीत कापता येते, छायाचित्र निघते, भिंतीवर नाव कोरता येते. साबणाच्या वडीचे उद्घाटन होत नाही. शाळांना संगणक देण्याची केंद्रपुरस्कृत योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने खासगी कंपन्यांमार्फत राबविण्यात आली. पाच वर्षांचा करार, कंत्राटी संगणक शिक्षक, आणि करार संपताच यंत्रे शाळेच्या गळ्यात. शिक्षक घरी बसले. त्यांनी मोर्चे काढले, धरणे धरली. यंत्रांनी धरणे धरले नाही. ती धूळ खात पडली. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली. तिच्या निकषांत संगणक कक्षासाठी एकदाच द्यावयाची ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंतची रक्कम आणि पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजार रुपयांपर्यंतची आवर्ती रक्कम धरण्यात आली. मानधन, वीज, पाठ्यसामग्री हे सारे त्या आवर्ती रकमेतच भागवावयाचे. कागदावर हे पूर्वीपेक्षा बरे दिसते. परंतु यंत्राचे आयुष्य संपत येते आणि देखभालीची गरज वाढते नेमक्या त्याच वेळी आवर्ती रकमेची मुदत संपते.

स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब तर याहून बोलका आहे. याच योजनेच्या निकषांनुसार १०१ ते २५० पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरले, आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावेत असे सांगण्यात आले. दोनशे मुलांची शाळा घ्या. दहा टक्के म्हणजे ५,००० रुपये. दर मुलामागे वर्षाला २५ रुपये. दहा महिन्यांची शाळा धरली तर महिन्याला अडीच रुपये. या अडीच रुपयांत मुतारी धुवायची, संडासात फिनेल टाकायचे, पिण्याच्या पाण्याची टाकी घासायची, हात धुण्याचा साबण ठेवायचा. आणि त्यातून काही उरलेच तर हेडफोनच्या गाद्या बदलायच्या. ‘किमान’ या शब्दाचा आधार घेऊन अधिक खर्च करण्यास शाळा मोकळी आहे, असा युक्तिवाद केला जाईल. पण त्याच पन्नास हजारांतून विजेचे बिल, खडू, दुरुस्ती आणि साहित्य निघावयाचे असते. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याच्या स्वातंत्र्याला स्वायत्तता म्हणत नाहीत.

पैशापेक्षाही मोठा प्रश्न माणसाचा आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना शिपायाचे पद बहुधा नसतेच. खासगी अनुदानित शाळांत ते होते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने त्या शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे निवृत्तीनंतर रिकामी होतील तसतशी नियमित वेतनावर न भरता त्यांच्या बदल्यात ठोक ‘शिपाई भत्ता’ देण्याचे ठरविले. त्या पदांत सफाईगार होता आणि प्रयोगशाळा परिचरही होता. म्हणजे कक्षातील वस्तू पुसून, मोजून, जागेवर ठेवणारा नेमका तोच माणूस. भत्त्याचा दर ग्रामीण भागासाठी महिन्याला ५,००० रुपये ठरला. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या दराने सव्वीस दिवसांची मजुरी ८,११२ रुपये होते. म्हणजे खडी फोडणाऱ्या मजुराला शासन जे किमान देणे लागते, त्याहूनही पुष्कळ कमी मोबदल्यात शाळा स्वच्छ ठेवण्याची अपेक्षा शासनाने धरली. बोरगाव मेघेसारख्या गावात ही थट्टा दुहेरी होते : राहणीचा खर्च वर्धा शहराचा, भत्ता खेड्याचा.

मग काम कोण करते? जिथे कामगार नाही तिथे ते काम उतरंडीच्या तळाशी असलेल्याकडे आपोआप घरंगळते. शिक्षिकांकडे, विनामोबदला; मुलींकडे, ‘मुलींना नीटनेटके जमते’ म्हणून; आणि विशिष्ट वस्तीतील मुलांकडे, कारण न सांगता. येथे काही मंडळी सेवाग्रामचा हवाला देतील. वर्ध्याच्या भूमीवर २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना आकाराला आली. सफाई हा त्या शिक्षणाचाच भाग होता. मग मुलांनी हेडफोन पुसले तर बिघडले काय? काहीच बिघडत नाही, जर सर्व मुलांनी, पाळीपाळीने, शिक्षकांसह पुसले तर. आणि का पुसावयाचे याचे शास्त्र त्यांना त्याच तासाला शिकविले तर. नई तालीममध्ये श्रम सर्वांना समान होते आणि त्यांतून ज्ञान निघत होते. शिपायाचे वेतन वाचविण्यासाठी मुलांच्या हाती फडके देणे याला नई तालीम म्हणणे हा गांधींच्या नावावरचा उधारीचा व्यवहार आहे. पाळीने खोळ बदलणे हे शिक्षण. रोजची धुणी, रसायनाने पुसणे, मोडतोडीची नोंद आणि साठ्याचा हिशेब हे काम. कामाला कामगार लागतो आणि कामगाराला वेतन लागते.

त्याच भूमीने संसर्गाच्या भयाला कसे सामोरे जावे याचाही धडा दिलेला आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम उभे केले. कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, त्यांची शुश्रूषा स्वत:च्या हातांनी केली. त्या दोघांनीही रोग खोटा मानला नाही. उपचार आणि काळजी यांत कसूर केली नाही. मात्र रोगाच्या नावाने माणूस टाकला नाही. कान वाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत शाळेला एवढेच करावयाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. शाळांतून फिरणाऱ्या त्याच्या पथकांच्या तपासणीत मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष यांचा समावेश आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून उभे आहे, सावंगी मेघेचे रुग्णालय शेजारच्या वस्तीत आहे. एवढी वैद्यकीय सामग्री ज्या तालुक्यात दाटली आहे, तेथे एखाद्या मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहत राहतो तेव्हा अभाव ज्ञानाचा नसतो. शाळेपासून दवाखान्यापर्यंत त्याचे बोट धरून नेणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

शासनापाशी या साऱ्यावर दोन ठरलेली उत्तरे आहेत : स्पर्धा आणि दाता. २०२४ च्या आरंभी ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान निघाले आणि राज्यातील पहिल्या शाळेला ५१ लाख रुपयांचे पारितोषिक ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आली. उद्योगसमूहांनी आणि धनिकांनी शाळांना वस्तू अथवा सेवा पुरवाव्यात आणि आपले नाव शाळेशी जोडून घ्यावे. स्पर्धेत एक शाळा पहिली येण्यासाठी हजारो शाळा हराव्या लागतात. स्वच्छ गादी हा ज्या मुलाचा हक्क आहे, त्याच्या शाळेने ती बक्षीस म्हणून का जिंकावी? आणि दाता संगणक देईल, हेडफोनही देईल. परंतु तिसऱ्या वर्षीच्या खोळी, चौथ्या वर्षीचा साबण आणि सफाईगाराचा महिन्याचा पगार देणारा दाता आजवर निपजलेला नाही. दानाचा स्वभावच असा की, ते आरंभाला येते आणि मधूनच उठून जाते. करातून चालणारी व्यवस्था रटाळ असते, म्हणूनच ती भरवशाची असते.

पक्षातील काही जणांना हे लेखन वेळेचा अपव्यय वाटेल. शाळांना शिक्षक नाहीत, छप्परे गळतात, कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे घाट घातले जात आहेत; अशा वेळी हेडफोनच्या खोळींचा कसला विचार, असे ते म्हणतील. त्यांचा संताप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. सार्वजनिक शाळा एका दिवसात कोणी बंद करीत नाही. आधी तिची मुतारी तुंबते, मग नळ आटतो, मग संगणक बंद पडतो, मग ज्यांना शक्य आहे ते पालक मुले काढून घेतात, आणि मग पट कमी झाला म्हणून शाळा बंद होते. अखेरच्या घावाविरुद्ध मोर्चा काढणारे पहिल्या चार घावांच्या वेळी कोठे होते, हा प्रश्न जनता विचारणार. समाजवादाची परीक्षा उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या ठरावात जितकी होते, तितकीच सर्वांच्या मालकीची वस्तू आपण किती निगुतीने ठेवतो यात होते. ‘सरकारी म्हणजे घाणेरडे’ हे समीकरण सामान्य माणसाच्या मनात रुजविण्यासाठी भांडवलदारांना फार पैसा खर्चावा लागलेला नाही. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीतील आपल्या हेळसांडीने ते काम फुकटात करून दिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला हात घालावा. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असावयास हव्यात. बोरगाव मेघेपासून आरंभ करून वर्धा तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या समितीपुढे पालकांनी चार मागण्या ठेवाव्यात. कोणत्याही मुलाला हेडफोन घरून आणण्याची सक्ती किंवा सूचना होऊ नये. खोळी, साबण आणि गाद्या यांची तरतूद संगणक कक्षाच्या आवर्ती खर्चात स्वतंत्र शीर्षाखाली व्हावी, आणि खोळी शिवण्याचे व धुण्याचे काम गावातील महिला बचत गटाला रोख मोबदल्याने द्यावे. कान वाहणाऱ्या किंवा त्वचेचा विकार असलेल्या मुलाची नोंद गुप्त ठेवून त्याला तपासणी पथकामार्फत रुग्णालयात न्यावे, आणि तोवर त्याचा पाठ ध्वनिवर्धकावर चालू राहावा. चौथी मागणी शासनाकडे : शिपाई भत्त्याचा निर्णय मागे घ्यावा, प्रत्येक शाळेत पूर्ण वेतनाचा किमान एक सफाई व परिचर कामगार नेमावा, आणि जनगणना शहरांना ग्रामीण दराच्या रकान्यात कोंबणे थांबवावे.

यांतील पहिल्या तीन मागण्यांना मंत्रालयाची परवानगी लागत नाही. समितीची एक सभा, पालकांची एक सही-मोहीम आणि शाळेच्या हिशेबाची वही मागण्याचे धैर्य एवढे भांडवल पुरेसे आहे. चौथीसाठी शिक्षक संघटना, शिक्षकेतर कर्मचारी आणि पालक यांना एका मोर्चात आणावे लागेल. आजवर हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवीत आले. शिक्षक पालकांच्या बेफिकिरीला दोष देतात, पालक शिक्षकांना, आणि शिपाई तर मोजणीतूनच गळाला आहे. धुतलेल्या खोळीची साधी मागणी या तिघांना एका बाकावर बसवू शकेल. नवे शैक्षणिक वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होईल; समित्यांच्या पहिल्या सभेपूर्वी ही मागणीपत्रके घरोघरी पोचली पाहिजेत.